नळाची धार बारीक झाली? प्रेशर पंप आणण्याआधी घरातच करायची तपासणी

घरात पाण्याचं प्रेशर कमी झालं की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा पंप येतो. दुकानात गेलं की तिथेही पंपच दाखवतात. पण आपल्या मराठवाड्यातल्या घरांत धार बारीक होण्यामागे बहुतेक वेळा पाण्यातला क्षार आणि गाळ, टाकी कोरडी पडल्यावर पाईपात अडकलेली हवा, नाहीतर बांधकामाच्या वेळी घातलेले बारीक पाईप असतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एक पान्हा, लिंबूसत्त्वाची पुडी आणि सुट्टीची एक सकाळ पुरते. तिथे पंप बसवला तर दोष तसाच राहतो, वर लाईटबिल वाढतं. म्हणून पंप या लेखात सगळ्यात शेवटी आहे.

आधी पाणी कुठून येतं ते बघा

नळाचं पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं: थेट नगरपालिकेच्या लाईनवरून, गच्चीवरच्या टाकीतून, किंवा बोअरच्या मोटारीतून. एकाच घरात तिन्ही असतात. अंगणातला नळ पालिकेच्या लाईनवर, बाथरूम टाकीवर आणि टाकी बोअरवर, ही मांडणी तर घरोघरी दिसते. ज्या नळाची तक्रार आहे तो यांपैकी कशावर आहे हे आधी नक्की करा. सोपा मार्ग म्हणजे टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करून घरातले सगळे नळ एकेक उघडून बघायचे. जे आटतात ते टाकीवरचे.

मग धार मोजा. ‘कमी येतंय’ यावरून काही कळत नाही, आकडा लागतो. १५ लिटरची बादली नळाखाली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि मोबाईलवर वेळ लावा. दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे धार चांगली आहे. दोन मिनिटं लागली तर साडेसात लिटर, टाकीवरच्या नळाला चालण्यासारखं. तीन मिनिटं किंवा जास्त लागली तर मिनिटाला ५ लिटर किंवा त्याहून कमी, म्हणजे कुठेतरी अडथळा आहे किंवा उंची कमी पडतेय. प्रत्येक नळाचा आकडा कागदावर लिहून ठेवा. दुरुस्ती झाल्यावर तीच बादली, तोच नळ आणि टाकीत साधारण तेवढंच पाणी असताना पुन्हा मोजायचं.

या कागदावरूनच अर्धं निदान होतं. एकच नळ बारीक असेल तर दोष त्या नळात किंवा त्याच्या अँगल कॉकमध्ये (नळाला पाणी देणारा भिंतीतला छोटा व्हॉल्व्ह). फक्त गरम पाणी बारीक असेल तर गीझर बघा. एका बाथरूमचे सगळे नळ बारीक असतील तर तिकडे उतरणाऱ्या पाईपात हवा किंवा अडथळा आहे. घरातले सगळेच बारीक असतील तर गच्चीवर जा. आणि एकटा नळ चांगला चालतो पण शेजारचा उघडला की दोन्ही मरतात, असं असेल तर मागचा सामाईक पाईप बारीक आहे किंवा आतून भरलाय.

दाब उंचीतून येतो, लिटरमधून नाही

ही गोष्ट डोक्यात पक्की बसली की निम्मे चुकीचे खर्च टळतात. ५०० लिटरची टाकी आणि ५,००० लिटरची टाकी एकाच उंचीवर असेल आणि दोन्हींत पाणी एकाच पातळीला असेल, तर नळाला दाब सारखाच मिळतो. मोठी टाकी जास्त वेळ पुरेल, एवढंच. दाब ठरतो तो टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा किती वर आहे त्यावर. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब (प्लंबर चौरस सेंटिमीटरमागच्या दाबाला नुसतं ‘किलो’ म्हणतात), म्हणजे फुटाला जेमतेम ०.०३ किलो.

आता आपलं नेहमीचं एकमजली घर घ्या. स्लॅब १० फुटांवर, त्यावर २ फुटांचा कट्टा, कट्ट्यावर टाकी. शॉवर ७ फुटांवर. टाकीचा तळ शॉवरच्या फक्त ५ फूट वर, म्हणजे ०.१५ किलो. टाकी भरलेली असेल तर आणखी ३ फूट धरा, ०.२४ किलोपर्यंत जाईल. अंगणात २ फुटांवर असलेल्या नळाला मात्र ०.३ ते ०.४ किलो मिळतो. म्हणून अंगणातली बादली भराभर भरते आणि शॉवर रडतो. यात काही बिघडलेलं नाही. कॅटलॉगमधला मोठा, छताला लावायचा रेन शॉवर साधारण अर्धा ते एक किलो दाब धरून बनवलेला असतो. तो टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पंपाशिवाय चालणारच नाही. लहान तोंडाचा, जास्त भोकांचा साधा शॉवर घ्या किंवा शॉवर फूटभर खाली आणा.

एकच नळ बारीक असेल तर

नळाच्या तोंडाला गोल जाळी असते. बेसिनच्या आणि सिंकच्या नळाला हमखास. खालून वर बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, हाताने निघते. अडली तर कपडा गुंडाळून पकडीने धरा, नाहीतर क्रोमवर ओरखडे येतात. सिंकचं भोक आधी बोळ्याने बंद करा, कारण आतला रबरी वायसर टपकन खाली पडतो. जाळीचे दोन-तीन भाग कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो काढून ठेवा.

जाळी पांढऱ्या बशीत झटका आणि काय पडतं ते नीट बघा. पुढची दिशा तिथेच कळते. पांढरे, नखाने न फुटणारे कण म्हणजे क्षार, बोअरच्या पाण्याची खूण. तपकिरी पापुद्रे असतील तर कुठेतरी जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप गंजतोय. रबराचे काळे तुकडे म्हणजे कनेक्शन पाईप (अँगल कॉकपासून नळापर्यंतची लवचीक नळी) किंवा वायसर कुजलाय. फिकट पिवळसर प्लॅस्टिकचा चुरा नव्या घरात सापडतो, सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा) पाईप कापल्यावर लाईन न धुताच नळ बसवल्याचा तो पुरावा. बोटाला चिकटणारा काळपट गाळ निघाला तर टाकी धुवायला झालीय, आणि तोच गाळ घरातल्या बाकीच्या जाळ्यांतही असणार.

क्षार असेल तर १ लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा आणि जाळी तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की जुन्या टूथब्रशने घासा. थर जाड असेल तर पाणी बदलून पुन्हा तासभर. फरशी धुवायचं अ‍ॅसिड इथे वापरू नका. ते क्रोम खातं आणि पितळ उघडं पाडतं. आणि कोणतंही अ‍ॅसिड, लिंबूसत्त्वसुद्धा, ब्लिचिंग पावडरमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

जाळी परत लावण्याआधी नळ अर्धा मिनिट तसाच मोकळा सोडा. जाळीशिवाय धार जोरात आली तर दोष जाळीचाच होता. तशीच बारीक राहिली तर खाली भिंतीतला अँगल कॉक बघा. तो बऱ्याचदा कोणीतरी कामासाठी बंद करून अर्धाच उघडलेला असतो. पूर्ण उघडूनही फरक पडला नाही तर कॉक बंद करा, कनेक्शन पाईप नळाकडून सोडवा, त्याचं तोंड बादलीत धरून कॉक उघडा. इथे जोर असेल तर नळाचा इनर (पाणी उघडबंद करणारा आतला भाग) बदला, इनर वेगळा मिळतो, आख्खा नळ बदलायची गरज नसते. इथेही जोर नसेल तर कनेक्शन पाईप काढून नुसत्या कॉकची धार बघा, मात्र त्या आधी मेन बंद करायला माणूस तयार ठेवा. कनेक्शन पाईप पिळला गेला की बाहेरून तारेची वेणी ठीक दिसते आणि आतली रबरी नळी चपटी झालेली असते. तो दुरुस्त होत नाही, नवा घ्यायचा.

शॉवरची भोकं रबरी असतील तर अंगठ्याने चोळा, क्षार भुगा होऊन गळतो. धातूची असतील तर शॉवर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. वॉशिंग मशीन पाणी घ्यायला फार वेळ लावत असेल तर मागच्या इनलेट पाईपच्या तोंडाशी छोटी जाळी असते, ती पकडीने अलगद ओढून धुवा.

फक्त गरम पाणी बारीक असेल तर

पाणी तापलं की त्यातला चुना लवकर खाली बसतो, म्हणून बोअरवरच्या घरात गरम लाईन आधी बुजते. साठवणीच्या गीझरला थंड पाण्याच्या तोंडाशी एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी उलट जाऊ न देणं आणि दाब वाढला तर सोडणं ही दोन्ही कामं तो करतो. बहुतेक वेळा तोच चोंदलेला सापडतो. गीझरचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, गीझर थंड होऊ द्या, अँगल कॉक बंद करा, मग व्हॉल्व्ह काढून लिंबूसत्त्वात टाका. स्प्रिंग हलत नसेल तर नवा बसवा. तो काढून टाकून सरळ पाईप जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने गीझर फुटू शकतो. गीझरच्या टाकीतला थर काढणं आणि कॉइल बदलणं मात्र मेकॅनिकचं काम आहे.

इन्स्टंट गीझर आणि गॅस गीझर ठरावीक दाबाखाली सुरूच होत नाहीत. टाकीलगतच्या मजल्यावर ते घेण्याआधी पुस्तिकेतला किमान दाबाचा आकडा वाचा.

सगळंच घर बारीक असेल तर गच्चीवर चला

टाकीच्या आउटलेटवर जुना पितळी गेट व्हॉल्व्ह असेल तर संशय त्याच्यावर घ्या. त्याची चाकी गरागरा फिरते, पण आतली फळी दांड्यापासून निसटून खाली अडकलेली असते. बाहेरून तो उघडा वाटतो, आत पाऊण रस्ता बंद. असा व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसू नका. त्या जागी पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह लावा, आउटलेटच्याच मापाचा. दांडी पाईपाला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद, लांबूनही कळतं.

मग टाकीत डोकवा. उन्हाळ्यात टँकरचं आणि पावसाळ्यात नदी-धरणाचं गढूळ पाणी आलं की तळाशी गाळाचा थर बसतो आणि तो आउटलेटच्या तोंडाशी सरकतो. आउटलेट तळापासून २-३ इंच वर असेल तर गाळ खाली राहतो, अगदी तळाला असेल तर सगळा गाळ घरात उतरतो. टाकी सहा महिन्यांतून एकदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला, रिकामी करून धुवा. धुताना आउटलेटमध्ये कापडाचा बोळा घाला, नाहीतर घासलेला सगळा गाळ पाईपात जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळे नळ बंद पडतात. बोळा काढायला विसरू नका.

झाकण घट्ट बसणारं असेल आणि टाकीला हवेची वाट नसेल तर पाणी उतरताना आत पोकळी तयार होते आणि धार मंदावते. झाकण उघडून पाच मिनिटांनी पुन्हा बादली लावा. फरक पडला तर ओव्हरफ्लो पाईप बुजलाय का ते बघा. त्याच्या तोंडाला डासांची जाळी लावा, बूच नको.

पाईपात अडकलेली हवा

आपल्याकडे हा दोष इतर भागांपेक्षा जास्त दिसतो आणि त्याचं कारण सरळ आहे. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. मधल्या काळात टाकी तळाला जाते, पाईपात हवा शिरते, आणि टाकी पुन्हा भरली तरी ती हवा बाहेर पडत नाही. पाईप गच्चीवरून जाताना जिथे वर उचललेला असतो, कठड्यावरून किंवा दाराच्या उंबऱ्यावरून, तिथल्या उंचवट्यात हवेचा फुगा बसतो. पाणी वजनाने खाली यायला बघतं, फुगा वाट देत नाही. नळ गुरगुरतो, फसफसतो, दोन-चार थेंब सोडतो आणि गप्प होतो. कालपर्यंत ठीक असलेलं बाथरूम टाकी रिकामी होऊन भरल्यावर एकदम बंद पडलं, तर दुसरं काही शोधू नका.

लगेच करायचा उपाय असा. टाकी निम्म्याहून जास्त भरा, मग त्या लाईनवरचे सगळे नळ पूर्ण उघडा, सगळ्यात खालचा आधी. दहा-पंधरा मिनिटं तसेच ठेवा, खाली बादल्या लावा म्हणजे पाणी वाया जाणार नाही. अर्ध्याहून जास्त वेळा एवढ्यानेच हवा निघते.

नाही निघाली तर खालून उलटं पाणी मारायचं. हौदातून टाकी भरणाऱ्या मोटारीच्या पाईपावर खाली बहुधा एक नळ काढलेला असतो. त्या नळाला अर्ध्या इंचाची बागेची नळी क्लिप आवळून लावा, नळीचं दुसरं टोक बंद पडलेल्या बाथरूमच्या खालच्या नळाला तसंच जोडा. त्या लाईनवरचे बाकीचे नळ बंद, टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह उघडा. बाथरूमचा नळ पूर्ण उघडा, मोटार सुरू करा, मग नळीकडचा नळ हळूहळू उघडत न्या. गच्चीवर एक माणूस टाकीत बघत राहील. आधी बडबड करत मोठे बुडबुडे येतात, मग नुसतं पाणी उसळतं. एक-दोन मिनिटांत काम होतं. आधी बाथरूमचा नळ बंद, मग मोटार बंद, मग नळी काढायची.

हे फक्त स्वतःच्या हौदाच्या मोटारीवरून करा. पालिकेच्या नळाला नळी जोडून करू नका, कारण लाईनचा दाब पडला की तुमच्या टाकीचं पाणी उलट सार्वजनिक पाईपात ओढलं जाऊ शकतं.

दर आठवड्याला हा खेळ करण्यापेक्षा एअर पाईप बसवा, तो नसलेलं घर आम्ही अपुरं बांधलेलं समजतो. टाकीचा आउटलेट, त्यानंतर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्धा किंवा पाऊण इंचाचा पाईप सरळ उभा वर न्यायचा. त्याचं तोंड टाकी काठोकाठ भरल्यावरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान १ फूट वर हवं, वर दोन एल्बो (वळणाचे जोड) लावून तोंड खाली वळवलेलं आणि जाळी बांधलेली. व्हॉल्व्हच्या आधी बसवला तर अर्धा उपयोग जातो, कारण व्हॉल्व्ह बंद करून काम केलं की पुढच्या लाईनीत हवा अडकतेच. गच्चीवरची आडवी लाईन लांब असेल आणि मध्ये उंचवटा टाळता येत नसेल तर त्या उंचवट्याच्या माथ्यावर दुसरा एअर पाईप द्या. दोन टाक्या वेगवेगळ्या उंचीवर असून एकमेकींना जोडलेल्या असतील तर तोंड वरच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच हवं, नाहीतर एअर पाईपातून गच्चीवर पाणी वाहील.

पाईपच बारीक असेल तर

अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी पाईप आतून अर्धा इंच नसतो. एसडीआर ११ वर्गाच्या (हा पाईपाच्या जाडीचा वर्ग) पाईपाचं आतलं भोक साधारण १२.४ मिलिमीटर, पाऊण इंचाचं १८.२ आणि एक इंचाचं २३.४. म्हणजे अर्ध्याऐवजी पाऊण इंच घातला की पाण्याला दुपटीहून जास्त जागा मिळते. आणि टाकीचा दाब मुळात कमी असल्यामुळे इथे पाईपाचं माप शहरातल्या उंच इमारतींपेक्षा जास्त महत्त्वाचं. एका बाथरूमला खर्च वाचवायला टाकीपासून अर्धा इंच ओढलेला असेल तर कोणताही नळ बदला, धार वाढणार नाही.

साध्या घरासाठी ही मापं धरा: टाकीचा आउटलेट आणि गच्चीवरची मुख्य लाईन सव्वा किंवा दीड इंच, प्रत्येक बाथरूमसाठी आणि स्वयंपाकघरासाठी खाली उतरणारा स्वतंत्र पाईप एक इंच, बाथरूमच्या भिंतीत पाऊण इंच, आणि अर्धा इंच फक्त नळापाशी येणारा शेवटचा तुकडा. वळणं जितकी कमी तितकं बरं. गच्चीवर जागा असते, तिथे काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे लावा.

जोडकामातल्या तीन चुका पुढे धार खातात. सोल्व्हंट (पाईप चिकटवायचा डिंक) जास्त लावला की तो आत ढकलला जाऊन भोकात कडं तयार होतं. करवतीने कापल्यावर आत उरलेली खडबडीत कड खरवडून काढली नाही तर तिथे गाळ अडकतो. आणि टेफ्लॉन टेप आट्याच्या टोकापुढे गुंडाळला तर त्याचे धागे थेट जाळीत जाऊन बसतात. नवी लाईन झाली की नळ लावण्याआधी प्रत्येक तोंड एक-दोन मिनिटं मोकळं वाहू द्या.

गरम पाण्याला सीपीव्हीसीच वापरा, आयएस १५७७८ हा मानक क्रमांक पाईपावर छापलेला बघून घ्या. गच्चीवर उन्हात राहणाऱ्या पाईपाला पाण्यात कालवायचा पांढरा रंग दोन हात मारा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन उघड्या सीपीव्हीसीला काही वर्षांत ठिसूळ करतं. ऑइलपेंट लावू नका, त्यातलं द्रावण पाईपाला चालत नाही.

जुन्या घरातला जीआय पाईप बाहेरून धडधाकट आणि आतून गंज-क्षाराने भरलेला असतो. शंका असेल तर युनियनजवळचा (लाईन न कापता उघडता येणारा जोड) एक तुकडा काढून आत बघा. पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलं असेल तर अ‍ॅसिड ओतून साफ करण्याच्या नादाला लागू नका. गंजानेच बुजलेलं छिद्र उघडं पडून भिंतीत गळती सुरू होते. लाईन बदला.

टाकी उंच करताना

२ फुटांचा कट्टा ५ फुटांवर नेला की ०.०९ किलो दाब वाढतो. एकमजली घरात शॉवरला तोच दाब ०.१५ वरून ०.२४ होतो, म्हणजे टाकी तळाला असतानाही पूर्वीच्या भरलेल्या टाकीइतका. पण १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते स्लॅबच्या मधोमध नको, कॉलम आणि बीमवर यायला हवं. कॉलम कुठे आहेत हे माहीत नसेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय उंची वाढवू नका. प्लॅस्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण सपाट फळीवर टेकला पाहिजे, नुसत्या अँगलच्या पट्ट्यांवर ठेवली तर तळ बसतो आणि चिरतो. रिकामी टाकी वळवाच्या वादळात उडते, ती तारेने बांधून ठेवा.

पालिकेच्या लाईनला जोर नसेल तर

आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे धार बघा. त्यांच्याकडे चांगली आणि तुमच्याकडेच बारीक असेल तर तुमचं कनेक्शन चोंदलंय. मीटर असेल तर त्याच्या तोंडाची जाळी बघायला पालिकेच्या माणसाला सांगा, मीटरचं सील स्वतः तोडू नका. रस्त्यातल्या मुख्य पाईपावरचं फेरुल (जिथून तुमचं कनेक्शन निघतं तो जोड) बुजलं असेल तर तेही पाणीपुरवठा विभागच साफ करतो. लेखी अर्ज द्या आणि त्यात शेजाऱ्यांची धार आणि तुमची धार, दोन्ही बादलीचे आकडे लिहा. तसा अर्ज टाळणं कठीण जातं.

सगळ्या गल्लीलाच जोर नसेल तर जमिनीखालचा हौद हा खरा उपाय. छत्रपती संभाजीनगरचं पाणी पैठणजवळच्या जायकवाडीतून उपसून वर चढवावं लागतं, त्यात शहर चढउताराचं, त्यामुळे उंचावरच्या भागांत पाणी कमी दाबाने येणार हे धरूनच चाला. पाणी जमिनीच्या पातळीखाली उतरवलं की मिळेल तेवढ्या दाबातही हौद भरतो. हौदात फ्लोट बॉल लावला असेल तर कमी दाबासाठीचा, मोठ्या भोकाचा घ्या. जास्त दाबासाठीच्या बॉलचं भोक बारीक असतं आणि आधीच कमी असलेली धार आणखी कमी होते.

सार्वजनिक लाईनला थेट मोटार लावू नका. तो गुन्हा आहे, मोटार जप्त होते, हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे मोटारीच्या ओढीने पाईपात पोकळी तयार होते आणि जिथे जिथे जोड गळका आहे तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते तुमच्याच हौदात येतं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्याही. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात शेवटच्या घराचं पाणी ओढून घेणं आम्हाला अक्षम्य वाटतं.

बोअरची धार कमी झाली तर

टाकी भरायला किती वेळ लागतो तो पावसाळ्यानंतर एकदा मोजून भिंतीवर लिहा. एप्रिलमध्ये पुन्हा मोजा. वेळ वाढला आणि पाईपाच्या तोंडातून पाणी फसफसत, थांबून थांबून येत असेल तर पाण्याची पातळी मोटारीपर्यंत उतरलीय. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगा आणि सांध्यांत असतं, उपसलं की लवकर आटतं आणि हळू भरतं. अशा वेळी १५-२० मिनिटं मोटार, मग तासभर विश्रांती, असं चालवा आणि पॅनेलमध्ये ड्राय रन प्रोटेक्शन (पाणी आटलं की मोटार बंद करणारी सोय) बसवून घ्या, नाहीतर वायंडिंग जळतं. धार एकसारखी पण बारीक असेल तर आधी व्होल्टेज बघा. पहाटे जोर असतो आणि संध्याकाळी पडतो, हे कमी व्होल्टेजचं लक्षण. व्होल्टेज ठीक असेल तर कपॅसिटर, आणि त्यानंतर कॉलम पाईपाची (मोटारीतून वर येणारा पाईप) गळती किंवा झिजलेला इम्पेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा).

आणि शेवटी पंप

वरचं सगळं झालं, पाईप मोकळे आहेत, मापं बरोबर आहेत, आणि तरी वरच्या मजल्यावर शॉवर चालत नाही, तर पंप घ्या. एक-दोन बाथरूमला पाव ते अर्धा एचपी पुरतो. फ्लो स्विचवाला पंप पाणी वाहायला लागल्यावरच सुरू होतो. धार इतकी बारीक असेल की थेंब थेंब पडतंय, तर तो सुरूच होणार नाही, तिथे प्रेशर स्विच (दाब पडला की पंप सुरू करणारा) आणि छोटी टाकी असलेला घ्या. जुने जोड असतील तर पंपाने त्यातला एखादा फुटू शकतो, म्हणून पहिले दोन दिवस भिंतींवर ओल येते का ते बघत राहा.

पंपाकडे येणारा पाईप पंपाच्या तोंडाच्या मापापेक्षा लहान नसावा. एअर पाईप पंपाच्या आधी, टाकीच्या बाजूला ठेवा, पंपानंतर ठेवला तर गच्चीवर कारंजं उडेल. पंपाला वळसा घालणारा एक बायपास पाईप काढून त्यात एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) लावा, बाण घराच्या दिशेने. लाईट गेली की टाकीचं पाणी त्या वाटेने आपोआप नळाला येईल, आणि पंप चालू असताना एनआरव्ही पाणी उलटं फिरू देणार नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह लावायला सांगा, म्हणजे पुढे पंप दुरुस्तीला काढला तरी लाईन कापावी लागणार नाही.